दीड तासात टेकडीवर

पहिल्या महायुद्धातल्या, डिसेंबर १९१४ मधल्या फ्रान्सच्या नकाशावर ईशान्येचा एक मोठा लचका तुटलेला दिसतो. बेल्जियमच्या किनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपर्यंत सुमारे सातशे किलोमीटरची खंदकांची रांग पडली होती आणि त्या रांगेपलीकडे जर्मन सैन्य ठाण मांडून बसले होते. पलीकडे गेलेला मुलूखही साधासुधा नव्हता. लान्सच्या कोळशाच्या खाणी, लीलच्या कापडगिरण्या, लोरेनमधले लोहखनिज, म्हणजे देशाच्या उद्योगाचा कणाच शत्रूच्या हातात होता. नॉयाँ हे गाव पॅरिसपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर, आणि जर्मन नॉयाँमध्ये बसले आहेत याची आठवण राजकारणी आणि पत्रकार क्लेमाँसो आपल्या वृत्तपत्रातून देशाला वारंवार करून देत असे.

खंदकयुद्धाच्या पहिल्या वर्षाबद्दल एक समज रूढ आहे. मूर्ख सेनापतींनी शूर शिपायांना मशीनगनच्या तोंडी दिले, एवढ्यात तो संपतो. या समजात तथ्य आहे, पण तो अपुरा आहे. जर्मनीला थांबणे परवडत होते. जिंकलेली जमीन तिच्याकडे होती, आणि पश्चिमेला बचाव करून पूर्वेला रशियाचा समाचार घेण्याचा बेत जर्मन सेनाप्रमुख फाल्कनहाइनने १९१५ मध्ये अंमलातही आणला. फ्रान्सला मात्र थांबणे परवडत नव्हते. गप्प बसायचे म्हणजे मुलूख गेला हे मान्य करायचे आणि रशियाला एकटे पाडायचे. सरसेनापती जोफ्र शांतियी येथील आपल्या मुख्यालयातून एकामागून एक चढाया आखत राहिला त्याला हे कारण होते. खरा प्रश्न हल्ला करावा की नाही हा नव्हताच. हल्ला कसा करावा आणि कधी थांबवावा, हा प्रश्न होता.

युद्धापूर्वी फ्रेंच लष्कराने चढाईला जवळजवळ धर्माचे स्थान दिले होते. कर्नल ग्रांमेझाँसारख्या अधिकाऱ्यांनी तरुण पिढीला शिकवले होते की हल्लेखोराची जिद्द हेच निर्णायक शस्त्र. तेच ग्रांमेझाँ फेब्रुवारी १९१५ मध्ये स्वासाँच्या आघाडीवर तोफगोळ्याने मारले गेले. पण त्या शिकवणुकीची किंमत देशाने त्याआधीच मोजली होती. २२ ऑगस्ट १९१४ या एका दिवसात सुमारे २७,००० फ्रेंच सैनिक मारले गेले. वर्षअखेरीस मृतांचा आकडा तीन लाखांच्या घरात गेला होता. खंदक खणले गेले ते या कत्तलीपासून जीव वाचवण्यासाठी. कत्तल थांबवणाऱ्या त्याच खंदकांवर आता चालून जायचे होते.

त्यासाठी फ्रान्सजवळ होती ती पंचाहत्तर मिलिमीटरची तोफ. १८९७ सालची ही तोफ तिच्या काळातली अप्रतिम यंत्ररचना होती. गोळा सुटताना नळी मागे सरके आणि दाबाखालच्या तेल-हवेच्या यंत्रणेने पुन्हा जागेवर येई. गाडा जागचा हलत नसल्यामुळे प्रत्येक गोळ्यानंतर नेम नव्याने धरावा लागत नसे. मिनिटाला पंधरा गोळे ती सहज टाकी. उघड्या मैदानात चालून येणाऱ्या पलटणीसाठी ती साक्षात काळ होती. पण तिचा गोळा सपाट रेषेत जाई, आणि जमिनीत दोन मीटर खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून तो सरळ निघून जाई. खंदकात वरून गोळा पाडायचा तर आखूड नळीच्या, उंच कमानीने मारा करणाऱ्या जड तोफा लागतात. युद्ध सुरू झाले तेव्हा पंचाहत्तरच्या सुमारे चार हजार तोफा फ्रान्सकडे होत्या, आणि मैदानी फौजेतल्या जड तोफा होत्या जेमतेम तीनशे.

मग गोदामे धुंडाळली गेली. राजा लुई-फिलिपच्या काळातल्या, म्हणजे सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या उखळी तोफा बाहेर काढून खंदकात बसवल्या गेल्या. हातबाँब पुरेसे नव्हते, तेव्हा लाकडी फळीला स्फोटकाची पुडी तारेने बांधून, वात पेटवून ती फेकायची, असे जुगाड शिपायांनी केले. तोफगोळ्यांची तर बोंबच होती. युद्धापूर्वीच्या हिशेबात दिवसाला तेरा-चौदा हजार गोळे पुरतील असे धरले होते, आणि पॅरिसकडे येणारे जर्मन रोखणाऱ्या मार्नच्या लढाईनंतर लष्कर दिवसाला एक लाख मागू लागले. २० सप्टेंबर १९१४ रोजी युद्धमंत्री मिलराँ यांनी बोर्दो येथे कारखानदारांना बोलावले. मोटारी बनवणारे रेनो त्यांत होते. कारखाने गोळे ओतू लागले खरे, पण घाईत ओतलेल्या पोलादाच्या चिरा कोणी तपासल्या नाहीत. १९१५ च्या सुरुवातीला कित्येक पंचाहत्तर तोफा स्वतःच्याच गोळ्यांनी फुटल्या आणि त्यांच्याभोवतीचे गोलंदाज जागीच गेले.

अशा अवस्थेत २० डिसेंबर १९१४ रोजी शाम्पेन प्रांतात पहिली मोठी चढाई सुरू झाली. या प्रांताचे नाव आपल्याला मद्यामुळे ठाऊक, पण लढाई झाली तो पूर्वेकडचा भाग द्राक्षमळ्यांचा नव्हता. तिथे खडूच्या पांढऱ्या मातीचे उघडे माळ आणि विरळ सूचिपर्णी रोपवने होती. पाऊस पडला की ही माती चिकट लगद्यासारखी होते. ती बंदुकीच्या खटक्यात जाई, आणि हल्ल्याच्या ऐन क्षणी बंदूक अडकून बसे. द लांगल द कारी यांच्या चौथ्या सैन्याने तीन महिने या चिखलात एकेक झाडी, एकेक टेकाड यांसाठी झुंज दिली. आपण शत्रूला कुरतडत आहोत, असे जोफ्र म्हणत असे. १७ मार्चला चढाई थांबवली तेव्हा रांग फार तर दोन-तीन किलोमीटर सरकली होती. मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून फ्रेंचांनी नव्वद हजारांहून अधिक सैनिक गमावले होते. जर्मनांचे नुकसान जवळपास निम्मे होते. कुरतडला कोण जात होता, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. पर्त-ले-उर्लू, उर्लू, ताऊर, रिपाँ ही त्या माळावरची गावे पुन्हा कधी वसली नाहीत. आज ती जागा लष्कराच्या सुईप तळाच्या हद्दीत आहे.

याच आघाडीवर सुआँ गावाजवळ १० मार्चला जे घडले ते थोडे तपशिलाने सांगायला हवे. ३३६ व्या पायदळ रेजिमेंटच्या एका कंपनीला हल्ल्याचा हुकूम झाला. आधीचे हल्ले फसलेले होते, समोरची काटेरी तार शाबूत होती, आधीच्या खेपेत पडलेल्यांची प्रेते तारेतच लटकत होती. स्वतःच्या तोफांचे गोळे आपल्याच खंदकापाशी पडत होते. शिट्टी वाजली आणि माणसे खंदकातून वर चढली नाहीत. डिव्हिजनचा सेनापती रेव्हेयाक याने आपल्या तोफखान्याला त्या खंदकावरच मारा करण्याचा आदेश दिला. तोफखान्याचा कर्नल बेरुबे याने लेखी हुकुमाशिवाय असे काही करायला नकार दिला आणि तो मारा झाला नाही. मग कंपनीतून चोवीस जण लष्करी न्यायालयापुढे उभे केले गेले. चार कॉर्पोरलांना मृत्युदंड झाला: तेओफील मोपा, लुई लफुलाँ, लुई जिरार आणि ल्युसियाँ लेशा. १७ मार्चला त्यांना गोळ्या घातल्या. ज्या चढाईत जायला नकार दिला म्हणून त्यांचा जीव घेतला, ती चढाई त्याच दिवशी आटोपती घेतली गेली. मोपा खेड्यातला शाळामास्तर होता. त्याची पत्नी ब्लांश, तीही शिक्षिका, जवळजवळ वीस वर्षे या निकालाविरुद्ध झगडली, आणि १९३४ मध्ये खास न्यायालयाने चौघांनाही निर्दोष ठरवले. पुढच्या वर्षी हंफ्री कॉबची कादंबरी आली आणि १९५७ मध्ये तिच्यावर स्टॅन्ली क्युब्रिकचा ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’. फ्रान्समध्ये तो चित्रपट पडद्यावर यायला १९७५ उजाडावे लागले.

रेव्हेयाकची कृती अक्षम्य होती, आणि ती एका माणसाच्या क्रौर्यातून आली असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. मागे बसलेल्या सेनापतीला समोरची तार दिसत नव्हती. त्याच्यापर्यंत येणाऱ्या कागदावर ‘तोफखान्याची तयारी पूर्ण’ एवढेच लिहिलेले असे. पाहणारा आणि ठरवणारा यांच्यातले हे अंतर त्या वर्षी वारंवार जीव घेत राहिले.

तरीही फ्रेंच काहीच शिकले नाहीत असे मात्र नाही. १६ एप्रिल १९१५ रोजी मुख्यालयाने एक सविस्तर टिपण काढले. हल्ल्याची रुंदी किती असावी, तोफा किती, पायदळाने शत्रूच्या किती जवळून उठावे, यांचे हिशेब त्यात होते. हल्ल्याआधी अनेक रात्री खपून पुढे चर खणायचे आणि शत्रूपासून शे-दोनशे मीटरवर उडी घेण्याचा नवा खंदक तयार करायचा, ही पद्धत रूढ झाली. विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून जर्मन खंदकांचे नकाशे होऊ लागले. मागून पाहणाऱ्या गोलंदाजाला आपली माणसे ओळखता यावीत म्हणून शिपायांच्या पाठीवर पांढऱ्या कापडाचे चौकोन शिवले गेले.

या सगळ्याची परीक्षा आर्त्वा प्रांतात झाली. लान्स आणि आरास यांच्यामध्ये व्हिमी नावाचा लांबट डोंगरमाथा आहे. पश्चिमेकडून, म्हणजे फ्रेंचांच्या बाजूने, तो हलक्या चढाने वर जातो. पूर्वेला एकदम उतरतो, आणि माथ्यावरून दुएचे मैदान, लान्सच्या खाणी, जर्मनांचे रस्ते आणि रेल्वे सगळे नजरेच्या टप्प्यात येते. हा माथा घेतला तर जर्मनांना मैदान सोडावे लागेल, असा उत्तरेकडच्या फ्रेंच सैन्यांचा प्रमुख फॉश याचा हिशेब होता. हजाराहून अधिक तोफा गोळा केल्या, त्यांत सुमारे तीनशे जड. सहा दिवस मारा चालला. मधल्या भागात पेताँ यांची तेहतिसावी कोअर होती. चढाईच्या घोषणांवर पेताँ यांचा विश्वास नव्हता. जमीन तोफखान्याने जिंकायची आणि पायदळाने ताब्यात घ्यायची, हे त्यांचे मत. आपला मारा कुठे पडतो आहे हे ते जातीने तपासत.

९ मे १९१५, सकाळचे दहा. मोरोक्कन डिव्हिजन खंदकातून वर आली. नाव मोरोक्कन असले तरी तिच्यात अल्जेरिया-ट्युनिशियाचे तिरायर (तिथले स्थानिक पायदळ) होते, झुआव्ह (मुख्यतः युरोपीय वंशाचे पायदळ) होते, आणि परकीय सैनिकांच्या ‘लेजियाँ’मध्ये आपापला देश स्वतंत्र व्हावा म्हणून लढायला आलेले पोलिश आणि चेक स्वयंसेवकही होते. समोरची तार या खेपेस खरोखर तुटलेली होती. पहिली रांग ओलांडली, दुसरी ओलांडली. साडेअकराच्या सुमारास, म्हणजे दीड तासात, डिव्हिजनची माणसे चार किलोमीटर पुढे, माथ्यावरच्या १४० क्रमांकाच्या टेकडीवर उभी होती. खंदकांची रांग पडल्यापासून पश्चिम आघाडीवर मित्रराष्ट्रांपैकी कोणी एका झेपेत इतके पुढे गेले नव्हते. समोर मैदान पसरले होते आणि त्या क्षणी त्यांना अडवायला फारसे कोणी नव्हते.

पण त्यांच्या मागेही कोणी नव्हते. हल्ला करणाऱ्या तुकड्यांतले निम्मे अधिकारी पडले होते. पाणी नव्हते, काडतुसे संपत आली होती. कुमक म्हणून ठेवलेली डिव्हिजन सुमारे बारा किलोमीटर मागे होती. जर्मन तोफांच्या टप्प्याबाहेर ती ठेवावी, आणि माथा गाठायला वेळ लागेलच, असे दोन हिशेब त्यामागे होते. आता घड्याळ लावून बघा. माथ्यावरची बातमी मागे न्यायची तर टेलिफोनची तार तोफगोळ्यांनी तुटलेली. निरोप्या धावत निघाला तर चार किलोमीटर उघड्या, गोळे पडणाऱ्या जमिनीतून जायचा, आणि अनेकदा पोचायचाच नाही. बातमी पोचली की ती ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर अशी वर चढणार. मग हुकूम तसाच खाली उतरणार. मग बारा किलोमीटर पायी, तेही जखमींनी तुंबलेल्या अरुंद दळणवळण-खंदकांतून. जर्मनांना मात्र पडत्या गोळ्यांतून चालायचे नव्हते. त्यांच्या पाठीशी शाबूत टेलिफोन होते आणि शाबूत रेल्वे होती. बव्हेरियाच्या युवराज रुप्रेख्टने आपल्या राखीव तुकड्या दुपारपर्यंत माथ्याकडे पाठवल्या. संध्याकाळी फ्रेंच कुमक आली तेव्हा टेकडी हातची गेली होती.

खंदकयुद्धातल्या चढाईचे गणित या एका दिवसात सगळे दिसते. शत्रूची फळी फोडणे शक्य होते. फोडल्यानंतर तिथे टिकणे आणि पुढे जाणे शक्य होत नव्हते, कारण भगदाड पाडणारा पायी जात होता आणि ते बुजवणारा आगगाडीने येत होता.

दोनच महिन्यांपूर्वी, व्हिमीच्या थोडे उत्तरेला न्यव्ह शापेल येथे ब्रिटिशांना हाच अनुभव आला होता. मुळात तो हल्ला फ्रेंचांबरोबर जोडीने व्हायचा होता. फ्रेंचांनी अंग काढून घेतल्यावर १० मार्चला ब्रिटिश आणि हिंदी फौजांनी तो एकट्याने केला. मीरत डिव्हिजनच्या गढवाली आणि गुरखा पलटणींनी ब्रिटिशांबरोबर काही तासांत गाव घेतले, आणि पुढच्या हुकुमाची वाट पाहत दुपार वाया गेली. याच गावात २८ ऑक्टोबर १९१४ रोजी खडकीहून आलेल्या सफरमैना पलटणीच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर घराघरांत शिरून लढल्या होत्या. खंदक आणि पूल बांधायला शिकवलेली ही माणसे संगिनी लावून पुढे गेली, आणि त्यांतली फार थोडी धडपणे परतली. न्यव्ह शापेलच्या स्मारकावर आज ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. पुण्यात राहून खडकीच्या वाटेने रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे गाव माहीत असेल?

आर्त्वाची लढाई ९ मेच्या संध्याकाळी थांबवली असती तर इतिहासाने जोफ्र आणि फॉश यांना वेगळे मोजले असते. ती १८ जूनपर्यंत चालली. न्यव्हिल-सँ-वास्त या एका गावात महिनाभर तळघरातून तळघरात मारामारी झाली. शेजारच्या खंदकांच्या जाळ्याला शिपायांनी ‘चक्रव्यूह’ अशा अर्थाचेच नाव दिले होते. जवळच्या लोरेतच्या उंचवट्यावर उन्हात सडणाऱ्या प्रेतांच्या दुर्गंधीबद्दल तिथून परतलेल्या प्रत्येकाने लिहिले आहे. पहिल्या दिवशी अचानकपणा होता, ताजी माणसे होती, महिनोन्‌महिन्यांची तयारी होती. नंतरच्या चाळीस दिवसांत यांतले काहीच नव्हते. एकूण नुकसान एक लाखाच्या वर गेले. व्हिमीचा माथा शेवटी एप्रिल १९१७ मध्ये कॅनडाच्या सैन्याने घेतला.

९ मेच्या हल्ल्यात न्यव्हिलपाशी पायाला गोळी लागून आंद्रे लाफार्ग नावाचा तेवीस-चोवीस वर्षांचा अधिकारी पडला. इस्पितळात पडल्या पडल्या त्याने आपण काय पाहिले ते लिहून काढले. आपली पलटण नेमकी कशाने अडली? एक-दोन मशीनगनमुळे. तोफखान्याला त्या दिसत नव्हत्या आणि पायदळाकडे त्या मोडायला काही नव्हते. त्याचे म्हणणे असे की पायदळाने स्वतःबरोबर मशीनगन आणि हलक्या तोफा न्याव्यात, अडणाऱ्या ठाण्याला वळसा घालावा, आणि एकेक रांग कुरतडण्यापेक्षा एकाच झेपेत सगळ्या रांगांपार जावे. मुख्यालयाने ते टिपण छापून वाटले. पुढे १९१८ मध्ये जर्मनांनी वापरलेल्या पद्धती त्याच्याशी जुळतात म्हणून त्या त्यावरूनच उचलल्या असे काहींनी लिहिले. जर्मनांचे स्वतःचे प्रयोग तोवर सुरू होते, त्यामुळे तो दावा मला ताणलेला वाटतो. खरे नवल वेगळे आहे. चाळीस दिवस नकाशे पाहणाऱ्या मुख्यालयाला जे नेमके मांडता आले नाही, ते अर्ध्या दिवसात जखमी झालेल्या एका मुलाने मांडले.

२५ सप्टेंबर १९१५ ला पुन्हा शाम्पेन. या वेळी सगळे मोठ्या मापाचे होते. सुमारे पस्तीस किलोमीटरची आघाडी, नऊशेच्या आसपास जड तोफा, तीन दिवसांचा मारा आणि पाठीमागे तयार ठेवलेले घोडदळ. त्याच दिवशी आर्त्वात फ्रेंच आणि लोस येथे ब्रिटिश हल्ला करणार होते. शिपायांच्या अंगावर लाल विजारींऐवजी फिकट निळा गणवेश होता आणि डोक्यावर आद्रियाँचे नवे पोलादी शिरस्त्राण. ऐन सकाळी पाऊस आला आणि विमाने आंधळी झाली. तरी पहिली जर्मन रांग फुटली, काही ठिकाणी फ्रेंच तीन-चार किलोमीटर आत गेले, हजारो कैदी हाती लागले.

मात्र मे महिन्यापासून जर्मनही शिकत होते. पहिल्या रांगेमागे काही किलोमीटरवर त्यांनी दुसरी रांग बांधली होती, आणि ती टेकड्यांच्या पलीकडच्या उतारावर. अलीकडून ती दिसत नाही, त्यामुळे तिच्यावर अचूक मारा करता येत नाही. तिची तार जवळपास शाबूत राहिली होती. माघारीचा विचार चालू असलेल्या जर्मन तिसऱ्या सैन्यात कर्नल लॉसबेर्ग नवा चीफ ऑफ स्टाफ म्हणून दाखल झाला आणि त्याने जागा सोडायची नाही असे ठरवले. २८ तारखेला दुसरी रांग फुटल्याची बातमी फ्रेंच मुख्यालयात पोचली. प्रत्यक्षात फट चिंचोळी होती, आणि तीत कोंबलेल्या तुकड्या तीन बाजूंच्या गोळीबारात सापडल्या. नाव्हारँच्या शेतवाडीजवळ त्याच दिवशी कवी ब्लेझ सांद्रार याचा उजवा हात गेला. तो पुढे डाव्या हाताने लिहायला शिकला. शाम्पेनमधल्या या दुसऱ्या चढाईत फ्रेंचांचे सुमारे १,४५,००० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. घोडदळाला पुढे जायची वाट मिळालीच नाही.

१९१५ या एका वर्षात तीन लाखांहून अधिक फ्रेंच सैनिक मेले, आणि रांग कुठेही पाच किलोमीटरपलीकडे सरकली नाही. माझा आरोप हल्ले केल्याचा नाही. पहिल्या दिवसाचे हल्ले त्या परिस्थितीत टाळता येण्यासारखे नव्हते, आणि प्रत्येक खेपेस ते आधीपेक्षा नीट आखलेले होते. आरोप आहे तो तिसऱ्या, दहाव्या, चाळिसाव्या दिवसाचा. संधी निघून गेल्याचे कळत असूनही ‘आणखी एक धक्का’ म्हणून पाठवलेल्या माणसांचा हिशेब जोफ्रला द्यावा लागला नाही. डिसेंबर १९१६ मध्ये त्याला सरसेनापतिपदावरून दूर केले ते मार्शलचा किताब देऊन. त्याच्या जागी आलेल्या निव्हेलने एप्रिल १९१७ मध्ये पुन्हा एका धडाक्यात फळी फोडण्याचे आश्वासन दिले, आणि ते फसल्यावर फ्रेंच पलटणींनी हल्ल्याला जायला उघड नकार दिला.

तेव्हा पेताँ यांना सरसेनापती केले गेले. २३ ऑक्टोबर १९१७ रोजी त्यांनी मालमेझाँ येथे चढाई केली. आघाडी जेमतेम बारा किलोमीटरची होती, मारा सहा दिवसांचा, सोबत रणगाडे, आणि लक्ष्य आपल्या तोफांच्या टप्प्यातलेच. अकरा हजारांवर जर्मन कैदी झाले. नकाशावर आधीच आखलेल्या रेषेवर पायदळ पोचले आणि पेताँ यांनी हल्ला थांबवला.